तीन पोप, एक हॉल

वाल्डॉर्फ,
रविवार, १९ ऑगस्ट २००७

प्रिय श्रीपाद,

सप्रेम नमस्कार. खरं तर 'श्रीप्या' लिहिणार होतो, पण तो हक्क सध्या माझ्याकडे आहे की काढून घेतलायस याची खात्री नाही, म्हणून आपलं पूर्ण नाव. इकडे आम्ही सगळे मजेत. तिकडे ड्युसेलडॉर्फला तू आणि सुधावहिनी बरे असाल. नवं ऑफिस, नवं घर, सगळं लागलं असेल मार्गी.

फोन तू उचलत नाहीस. इ-मेलची तर मी आशाच सोडली. पण पत्राचं एक बरं असतं, ते पेटीत पडतंच. आणि तुला मी सांगलीच्या होस्टेलपासून ओळखतो. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा तू वाचल्याशिवाय टाकत नाहीस, तर हे कसलं टाकतोस!

आधी घरच्या बातम्या. स्वराली आता चौथीत. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. मी रागावलो तरी जर्मनमध्येच ऐकवते, आणि तिचं व्याकरण माझ्यापेक्षा चांगलं असल्यामुळे मला गप्प बसावं लागतं. सुलेखाने बाल्कनीत कढीपत्ता जगवून दाखवलाय. वरच्या मजल्यावरचे आजोबा येता-जाता त्याचा वास घेतात आणि मान हलवतात. माझं म्हणशील तर तब्येत उत्तम, म्हणजे पँटी सगळ्या घट्ट वाटायला लागल्यात.

आणि आपलं गणेशोत्सवाचं मंडळ. हा शेवटी तिथे येणार हे तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील. आलो बाबा.

गेल्या सोमवारी मला फ्राउ हेल्मश्टेटरचा फोन. चर्चचा हॉल सांभाळणाऱ्या त्याच आपल्या बाई, ज्यांनी तुला एकदा आरतीच्या कापरावरून झापलं होतं. म्हणाल्या, "हेर परचुरे, पंधरा सप्टेंबरसाठी तुमच्या मंडळाचे तीन अर्ज आलेत. तिन्हींवर अध्यक्ष म्हणून सही आहे. तिन्ही सह्या वेगळ्या." एक मानहाइमहून, यशवंतरावांचा, गोल रबरी शिक्क्यासकट. एक माझा. आणि एक थेट ड्युसेलडॉर्फहून! अरे, अडीच-तीनशे किलोमीटरवर बसून हॉल मागतोस? मानलं तुला.

मी म्हटलं, "गेनाऊ, अगदी बरोबर, थोडा गोंधळ आहे खरा." त्या म्हणाल्या, "आल्झो, तर मग, हॉल एक आहे. तीन सप्टेंबरपर्यंत एक सही आणा. नाहीतर त्या दिवशी ज्येष्ठ नागरिकांचं गायनमंडळ तिथे तालीम करेल." आणि वर हसून, "आम्ही प्रोटेस्टंट लोक, हेर परचुरे. आम्हाला एकसुद्धा पोप लागत नाही. तुमच्याकडे तर तीन आहेत!"

दोन वर्षांपूर्वी जर्मन माणूस पोप झाला तेव्हा आमच्या ऑफिसात लोक एकमेकांचं अभिनंदन करत फिरत होते, तेव्हापासून बाईंना पोपवर विनोद सुचतात.

हा विनोद मी आज दुपारी जेवताना देवश्रीला सांगितला. देवश्री तुला माहीत नाही, तू गेल्यावर आली. मूळची कोल्हापूरची, हायडेलबर्गला पीएचडी करते, आणि विषय काय, तर मध्ययुगातले पोप! तिच्या आजोबांनी विचारलं म्हणे, "मग नोकरी काय व्हॅटिकनला लागणार का?" दर रविवारी आमच्याकडे जेवायला असते. मला वाटलं, हसेल. तर तिने हातातली पोळी ताटात ठेवली आणि म्हणाली, "काका, पण हे खरंच झालेलं आहे. तीन पोप, एकाच वेळी. आणि त्यातल्या एकाला आपल्या हायडेलबर्गला कोंडून ठेवलं होतं."

झालं, आमटी गार होईपर्यंत सगळे ऐकत बसलो.

ती सांगत होती, एके काळी पोपचा दरारा असा, की त्याने नुसता बहिष्कार टाकला तरी प्रजा राजाला राजा मानेनाशी व्हायची. एका जर्मन राजाला त्याने भर जानेवारीत, बर्फात, अनवाणी, किल्ल्याच्या दाराशी तीन दिवस ताटकळत ठेवलं. कशासाठी? तर माफीसाठी. मग लागली उतरती कळा. सव्वादोनशे वर्षांनी फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी एका पोपला त्याच्याच गावात, त्याच्याच घरात पकडलं. त्यानंतरचे पोप रोम सोडून त्या राजाच्या सावलीत आव्हिन्योंला जाऊन बसले, ते सत्तर वर्षं. अखेर परत आले, तर निवडणुकीतच भांडण! ज्या कार्डिनलांनी, म्हणजे पोप निवडणाऱ्या बड्या धर्मगुरूंनी, एकाला निवडलं, तेच चार-पाच महिन्यांनी म्हणाले, आमच्यावर दबाव होता, ती निवडणूक खरी नव्हे. आणि निवडला दुसरा. एक रोमला, एक आव्हिन्योंला. हा त्याला खोटा म्हणतो, तो याला.

"यशवंतराव आणि श्रीपाद!" मी ओरडलोच.

नाहीतर काय रे? यशवंतराव संस्थापक, पंचवीस वर्षं एकटेच अध्यक्ष. दोन हजार चारला तू अकरा मतांनी निवडून आलास. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, कोरम नव्हता, सात माणसं स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती, त्यांना हजर कसं धरलं? आणि तू म्हणालास, पुऱ्या तळणारा सभासद नसतो का? दोन वर्षं आपण या पुऱ्यांवर भांडलो. जर्मनीत येऊन!

देवश्री पुढे म्हणाली, "तीसएक वर्षं असं चालल्यावर काही शहाणे कार्डिनल पिसाला जमले. त्यांनी ठराव केला, दोघांनाही काढायचं आणि तिसरा निवडायचा."

"मग?" मी विचारलं. माझा आवाज जरा बारीक झाला होता.

"मग काय. दोघांपैकी एकही हटला नाही. आधी दोन होते, ते तीन झाले."

सुलेखाने पदराने तोंड झाकलं, पण खांदे हलत होते. स्वराली माझ्याकडे बघून म्हणाली, "पापा, बिस्ट डू डेअर ड्रिटं?" म्हणजे, तो तिसरा तूच का? यावर मात्र सुलेखाला ठसका लागला. तीन तिघाडा काम बिघाडा हे मी लहानपणापासून म्हणत आलोय. तो तिसरा मी आहे हे कळायला मला पंचेचाळीस वर्षं आणि एक पीएचडीवाली लागली.

ऐक तर, त्या तिसऱ्याचं, म्हणजे वर्षभरात त्याच्या गादीवर आलेल्याचं, काय झालं ते. कॉन्स्टान्सला, ते बोडन्झे सरोवराच्या काठचं गाव, तिथे मोठी सभा भरली. सभेचं वारं आपल्या विरुद्ध फिरतंय म्हटल्यावर हा पठ्ठ्या घोडेवाल्याचा वेश करून पळाला! धरून आणला, पद काढून घेतलं आणि कैदेत टाकला, काही काळ हायडेलबर्गला, काही काळ मानहाइमला. पहारेकऱ्यांना याची भाषा येईना, याला त्यांची. म्हणे नुसत्या हातवाऱ्यांवर बोलायचे. मला त्याची फार दया आली रे. माझी इथली पहिली दोन वर्षं आठवली.

इथवर सगळं ठीक होतं. पण देवश्रीने एक चूक केली. तिने सुलेखासमोर सांगितलं, की त्याआधी एकदा कार्डिनल लोक तीन वर्षं पोप निवडेनात, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना कोंडलं, जेवण तोडून पाव-पाण्यावर ठेवलं, आणि तरी निवडेनात म्हणून छपराची कौलं काढली. सुलेखाने भांडी आवरता आवरता दोनदा विचारलं, "जेवण तोडलं? आणि मग निवडला?" संध्याकाळपर्यंत तिचे सहा फोन झाले होते. जाहीर झालेला ठराव असा: एक अध्यक्ष, एक हॉल, एक गणपती. तोवर मोदक नाहीत. मोदकच काय, वाटली डाळसुद्धा नाही. गेल्या वर्षी या बायकांनी तीन गणपतींसाठी मिळून आठशे मोदक उकडले, ते मला आजच कळलं. "आणि पुरुष स्टेजवर," सुलेखा म्हणाली. मी पुरुषांतर्फे काही बोलणार होतो, पण देवश्रीने तेवढ्यात सांगितलं, की कॉन्स्टान्सच्या सभेने चक्क ठराव केला होता, पोपनेसुद्धा सभेचं ऐकलं पाहिजे. "अहो, ऐकलंत का?" सुलेखा म्हणाली. ऐकलं.

आता प्रश्न असा, की

सोमवार, २० ऑगस्ट

काल वाक्य अर्धं टाकून उठलो. सुलेखाने हाक मारली असं लिहिणार होतो, पण तिने मारली नव्हती. पुढे काय लिहायचंय ते मला नीट ठाऊक होतं, म्हणून उठलो.

आधी यशवंतरावांचं सांगतो, ते सोपं आहे. आज अर्धी सुट्टी टाकून मानहाइमला त्यांच्याकडे जाऊन आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडताच म्हणाले, "राजीनामा मागायला आला असशील तर चहा घे आणि जा." देवश्रीने मला तयार करून पाठवलं होतं. त्या तीन पोपांतला एक शेवटपर्यंत हटला नाही म्हणे, स्पेनमध्ये समुद्रातल्या एका खडकावर किल्ल्यात बसून नव्वदी उलटेपर्यंत 'मीच पोप' म्हणत राहिला. अशा माणसाकडून पद मागायचं नसतं. मी म्हटलं, "राजीनामा कोण मागतंय? मानाची पहिली आरती दर वर्षी तुमची, कायमची."

"आणि पत्रिकेवर नाव?"

"सगळ्यात वर. संस्थापक म्हणून. ठळक अक्षरात."

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, अर्धं आत पडलं, ते चमच्याने काढलं. मग म्हणाले, "तसं अध्यक्षपदात आता राहिलंय काय? ठेवा तुमच्याकडे." शिक्का तेवढा दिला नाही. तो असू दे त्यांच्याजवळ.

म्हणजे उरलो तू आणि मी. आणि आपल्या दोघांत निवडून आलेला खरा अध्यक्ष तू आहेस, हे मला कधीपासून माहीत आहे.

मी काय म्हणत आलोय ते तुला पाठ असेल. "मी मंडळ एकत्र आणायला उभा राहिलो. दोघं भांडत होतात, म्हणून तिसरा." खोटं नाही ते. करायला गेलो गणपती, झाला मारुती, असं म्हणून मी दीड वर्ष हसण्यावारी नेलं. पण श्रीपाद, तू ड्युसेलडॉर्फला निघून गेलास तो मारुतीमुळे नव्हे. तू सांगलीला आईच्या उशाशी बसलेला असताना मी इथे सभा बोलावली, म्हणून गेलास. आणि तुला जेवढं माहीत आहे तेवढ्यावरच तू एवढा दुखावलास. सगळं माहीत नाही तुला.

आता माईंचं लिहितो.

बारा फेब्रुवारी, रविवार. सभा तीनला होती. अडीचला मी हॉलच्या बाहेरच्या बोळात उभा राहून तुला सांगलीला फोन लावला. मनात असं, की तुला सांगावं, बाबा रे, तुम्हा दोघांच्या जागी मी अध्यक्ष, असा ठराव आणतोय, रागावू नकोस. तू फोन उचललास आणि म्हणालास, "मध्या, माई गेली रे. मघाशीच." मग तू बोलत राहिलास. शेवटच्या दोन दिवसांत त्या काय काय बोलल्या ते सांगितलंस. माझी चौकशी केली म्हणालास. "मध्या तिकडे नीट जेवतो ना," असं विचारलं. चार वर्षं दर रविवारी होस्टेलची मेस बंद असायची आणि मी तुमच्याकडे यायचो. माईंनी एकदाही "जेवणार का" म्हणून विचारलं नाही, सरळ पान मांडायच्या. मी तुझं सगळं ऐकलं. मी रडलोही, तुला ऐकू आलं असेल. फोन कशासाठी केला होता ते तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. फोन ठेवला आणि आत गेलो.

आत चाळीस माणसं बसली होती. विलासने पहिलाच प्रश्न केला, "श्रीपादशी बोललास का?" मी म्हटलं, "हो, आत्ताच बोललो. त्याची काही हरकत नाही."

असं म्हटलं मी.

खरं सांगितलं असतं तर सगळे दोन मिनिटं उभे राहिले असते, सभा तहकूब झाली असती, लोक घरी गेले असते. पुन्हा कोरम जमेल की नाही कोण जाणे, असा विचार मी केला. एवढाच. म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे, ठराव झाला की लगेच सांगू. ठराव झाला. एकमताने. कोणीतरी हार आणला होता, तो घातला. पेढे आले. मी पेढा खाल्ला, श्रीपाद. मग गळ्यात हार घालून कसं सांगायचं? मंगळवारी सगळ्यांना कळवलं, जणू मला मंगळवारीच कळलं. तुला सांत्वनाचं पत्र लिहायला दहा वेळा बसलो. दर वेळी वाटायचं, तारीख लिहावी लागेल. म्हणून तेही लिहिलं नाही. इतकी वर्षं ज्यांच्या हातचं जेवलो त्या गेल्या, तर माझ्याकडून दोन ओळी नाहीत. तुला वाटलं असेल, अध्यक्ष झाला, शिष्ट झाला. तसं असतं तर बरं होतं. मला लाज वाटत होती.

आज सकाळी ऑफिसला निघताना हे सुलेखाला सांगितलं. तिलाही माहीत नव्हतं. बूट घालून दाराशी उभा होतो मी. मला वाटलं, आता भांडेल, भांडावं अशी इच्छा होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आधी त्यांना लिहा. मग मंडळाचं बघू."

म्हणून आज हे सगळं लिहिलं. आता मंडळाचं.

कॉन्स्टान्सच्या सभेतली एक गोष्ट काल लिहायची राहिली. त्या तिघांत एक म्हातारा होता, ज्याचा हक्क सगळ्यांत खरा. तो म्हणाला, मी पद सोडतो, पण ही सभा मी बोलावलेलीच नाही, मग ती माझ्या लेखी सभाच नव्हे. मला आधी ती बोलावू द्या. आता सभा आठ महिने चालू होती! देशोदेशींचे लोक येऊन बसलेले. तरी सगळे कबूल झाले. म्हाताऱ्याच्या माणसाने आमंत्रण मोठ्याने वाचलं, आणि आधीच बसलेल्या लोकांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. मग त्याने राजीनामा दिला. देवश्रीला हे सांगताना मजा वाटत होती, पण मी म्हटलं, अगं, यात हसण्यासारखं काय आहे? हे आपल्याकडच्या लग्नातल्यासारखंच आहे. मानपान. ज्याचा मान त्याला दिला की पुढचं सगळं आपोआप होतं, नाही दिला की मांडवातून वरात परत जाते.

तर सोबत एक नोटीस जोडली आहे. शनिवार, एक सप्टेंबर, दुपारी तीन, तोच हॉल. फ्राउ हेल्मश्टेटरनी दोन तासांसाठी दिलाय, "शांतता परिषद म्हणून" असं म्हणाल्या. विलाससकट सगळे येणार आहेत, बायका तर आधीच येऊन बसतील. पण सभा मी बोलावलेली नाही. खाली 'अध्यक्ष, श्रीपाद मोघे' असं छापलंय आणि सहीची जागा मोकळी आहे. तू सही केलीस तर ती सभा. नाही केलीस तर आम्ही चाळीस माणसं आपली चर्चच्या हॉलमध्ये बसलेली, आणि पंधरा तारखेला गायनमंडळ. माझा राजीनामा त्याच पाकिटात आहे, त्यावर तुझ्या सहीची गरज नाही. तू पद ठेव, सोड, नवी निवडणूक घे, कशालाही माझी हरकत नाही. आणि या वेळी खरोखर नाही.

नोटिशीत विषय दोनच आहेत. पहिला, मागच्या सभेच्या इतिवृत्तात दुरुस्ती. 'श्री. मोघे यांची हरकत नसल्याचे श्री. परचुरे यांनी सांगितले,' हे वाक्य काढून तिथे लिहायचं, 'श्री. मोघे यांच्या मातोश्री त्याच दिवशी निवर्तल्या. श्री. परचुरे यांना ते माहीत होते. त्यांनी सभेला सांगितले नाही.' हे मी उभा राहून वाचणार आहे, तू आलास तरी आणि न आलास तरी. स्वराली तिथे असेल. तिला मराठी सगळं कळतं.

दुसरा विषय, कै. इंदिराबाई मोघे यांना श्रद्धांजली. दोन मिनिटं उभं राहायचं. ती त्या दिवशीच व्हायची होती, मी होऊ दिली नाही. तिथे तू असावास असं मला फार वाटतं. सकाळची गाडी घेतलीस तर दुपारपर्यंत हायडेलबर्ग. मी स्टेशनवर उभा असेन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, गाडीत मागे बस.

माफी इथे लिहीत नाही. ती पोस्टाने पाठवायची गोष्ट नाही.

सुधावहिनींना नमस्कार. त्यांनाही हे वाचायला दे.

तुझा
(हा शब्द खोडायचा असेल तर तू खोड, माझ्याच्याने होणार नाही)
मध्या